दुधाचा दात आणि रेडियमची काडी

शहापूरच्या बाजारपेठेत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. पुढे एक फळी, फळीवर काचेची पेटी, मागे भात साठवायची अंधारी खोली आणि वर कौलं. मुंबईत एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं काढून मी गावी परतलो, तेव्हा डोळ्याला भिंग लावून बसणारा आसपास मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. स्वभाव तापट. कुणी घड्याळ फळीवर ठेवून ‘जरा बघा हो’ म्हणालं की मी विचारायचो, ‘नुसतं बघू की उघडू पण?’ तरी गिऱ्हाइकं यायची, कारण दुसरीकडे जायचं कुठे?

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. रेडियमच्या घड्याळाचं तेव्हा फार वेड होतं. अंधारात ज्याचे आकडे हिरवे दिसतात ते खरं घड्याळ, बाकी सगळी खेळणी, असा लोकांचा समज. कसाऱ्याचे रेल्वेवाले आणि घाटातले ट्रक ड्रायव्हर यांचं तर त्याच्यावाचून अडायचं. पण सात-आठ वर्षांत ते आकडे मंद होत जात. मग तबकडी खरवडून आकडे पुन्हा भरावे लागत. मुंबईहून रेडियमच्या पुडीची छोटी बाटली आणायची, डिंकाच्या पाण्यात कालवायची आणि बारीक ब्रशनं आकडा भरायचा. ब्रशाचं टोक पसरलं की ओठांत फिरवून अणकुचीदार करायचं. उस्तादानं मला असंच शिकवलं होतं, त्याला त्याच्या उस्तादानं. मीही वर्ष दीड वर्ष ब्रश चाटला. चव नाही, वास नाही, नुसतं थोडं कचकचायचं.

माझा हात मात्र या कामाला जड होता. यंत्र उघडायला मी वाघ, पण रेघ मारायला बसलो की आठाचा भोपळा व्हायचा.

सापगावच्या पलीकडे एका गिऱ्हाइकाकडे लग्नाला गेलो होतो, तिथे ती मला पहिल्यांदा दिसली. डोंगराकडच्या वाडीवरची बाई, पंचवीसेक वर्षांची. लग्नघरात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक काढायची तिकडे रीत आहे. तिच्या वाडीत त्याला चौक काढणं नाही, चौक ‘लिहिणं’ म्हणतात, आणि पंचक्रोशीतल्या लग्नांत चौक लिहायला तिलाच बोलावत. सगळे तिला चौकवालीच म्हणत. पाठीला दोन महिन्यांची मुलगी बांधलेली, हातात बांबूची काडी. काडीचं टोक ती दातांनी चावून चावून त्याचे केसासारखे तंतू करी, ओठांत ओढून निमुळतं करी आणि मग रेघ ओढी. रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते भिंतीला नाक लावूनही मला सापडेना. लग्न राहिलं बाजूला, मी तिच्या हाताकडे बघत उभा होतो.

मी तिला कामाला बोलावलं. तबकडी हातात दिली तर ती म्हणाली, “येवडुशी भिंत?”

माझा उंटाच्या केसांचा ब्रश तिनं बोटांत धरून पाहिला आणि खाली ठेवला. “मेल्या मांजराचा शेपूट हाय ह्यो. माजी काडी आनते.”

दुसऱ्या दिवशी ती सुईएवढ्या बारीक बांबूच्या काड्या घेऊन आली. टोक चावलं, ओठांत ओढलं, रेडियमात बुडवलं आणि नऊचा आकडा असा भरला की छापल्यासारखा. पुन्हा ओठांत, पुन्हा बाटलीत. माझा ब्रश एका आकड्याला एकदा तोंडात जायचा. तिची काडी तीनदा जायची, कारण बांबू वाळला की तंतू फुटतात, तो सतत ओला लागतो. ही चूक होती हे पुढे कळलं, आणि ब्रश वापरणाऱ्या कुठल्याही घड्याळजीच्या हातून ती इतकी मोठी झाली नसती. मी मात्र गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवत होतो, ‘बघा, मुंबईत मिळेल का असा हात?’

आढ्याला झोळी बांधली होती. मुलगी रडली की चौकवाली काडी ठेवी, तिला पदराखाली घेई आणि पाजून झालं की पुन्हा कामाला बसे. सात-आठ महिने हे असं चाललं. कसाऱ्याहून घड्याळांची पुडकी यायला लागली. मी सुखात होतो, हे कबूल करतो.

मग मास्तर आला. तो मुरबाडच्या शाळेत शास्त्र शिकवायचा. किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. मुरबाडला घड्याळ दुरुस्त करणारं कुणी नव्हतं, म्हणून एस.टी.नं माझ्याकडे यायचा. त्याचं घड्याळ मी देत होतो आणि तो चौकवालीकडे बघत होता. मला वाटलं, बघतोय कौतुकानं.

“ती काडी तोंडात घालते,” तो म्हणाला.

“हो. बांबू आहे. ओला लागतो.”

“ते रेडियम आहे.”

“मग काय चुना आहे?” मी म्हणालो.

त्यावर तो म्हणाला, “चुनाच समजतं शरीर त्याला. तोच तर घोटाळा आहे.”

मला राग आला. शाळामास्तर येऊन माझ्या दुकानात मला माझा माल शिकवतो? मी त्याला सांगितलं की ही बाटली मी खिशात घालून मुंबईहून आणतो, उशाशी ठेवतो, हातावर सांडली तर धोतराला पुसतो, आणि मला आजवर साधी खाजही सुटलेली नाही. तो म्हणाला, बाहेरून नाहीच सुटणार. कागद आडवा धरला तरी त्यातला मुख्य मारा थांबतो. आपल्या अंगावरची मेलेली कातडीही त्याला पुरते. मी म्हणालो, “मग झालं तर.” तो म्हणाला, “आत मेलेली कातडी नसते.”

चौकवालीनं काडी खाली ठेवली होती. भांडण आपल्यावरून चाललंय एवढं तिला कळत होतं. मास्तरनं माझ्याकडे भिंग मागितलं, अगदी मोठ्या शक्तीचं, आणि एक अंधारी जागा. भर दुपार होती. मागच्या भाताच्या खोलीचं दार लावून फटींना पोती लावली आणि आम्ही तिघं आत बसलो. पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, असं तो म्हणाला. बाहेर झोळीतली मुलगी काहीतरी पुटपुटत होती. मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या.

मग त्यानं नुकताच भरलेला एक आकडा भिंगाखाली धरला आणि पहिल्यांदा तिला बघायला लावलं. नुसत्या डोळ्यांना तो आकडा म्हणजे शांत हिरवा उजेड. ती वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

“लाह्या फुटत्यात,” ती म्हणाली.

मी पाहिलं. त्या तबकड्या मी वर्षानुवर्षं हाताळल्या होत्या, पण हे मला माहीत नव्हतं. तो उजेड सलग नव्हताच. इथे एक ठिणगी, तिथे एक, मध्येच चार एकदम; तापलेल्या कढईत भात टाकल्यासारखं सगळं फुटत होतं आणि थांबत नव्हतं. मास्तर म्हणाला, रेडियमचा एकेक कण फुटतो आणि त्यातून एक गोळी सुटते. ती पुडीतल्या दुसऱ्या चुऱ्यावर आदळते, तेव्हा तो चुरा चमकतो. आपण बघतो तो उजेड रेडियमचा नाही, मार खाणाऱ्या चुऱ्याचा आहे.

“आणि जुने आकडे विझतात कसे?” मी विचारलं. मला वाटलं, इथे तो सापडणार.

“रेडियम विझत नाही. त्याचं अर्धं संपायलासुद्धा सोळाशे वर्षं लागतात. तो चुरा मार खाऊन खाऊन निकामी होतो. तुम्ही खरवडून टाकता त्या काळ्या आकड्यात रेडियम जवळजवळ होतं तेवढंच असतं.”

आयुष्यभर मी विझलेले आकडे खरवडले होते, खरवडलेली पूड फुंकरीनं उडवली होती आणि समजत होतो की त्यात आता काही उरलेलं नाही.

दार उघडलं. उन्हात डोळे मिचकावत मास्तर चौकवालीसमोर उकिडवा बसला आणि तिला सांगू लागला. त्या दिवशीचं त्याचं बोलणं मी कधी विसरलो नाही. इतकी अवघड गोष्ट इतक्या सोप्या भाषेत आणि तिला जराही कमी न लेखता सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, पोटात गेलेलं बरंचसं रेडियम बाहेर पडून जातं. थोडं रक्तात उतरतं. हाडं चुन्याची असतात आणि रेडियम चुन्याचं भावंड, म्हणून हाड त्याला घरचं समजून आत घेतं. एकदा बसलं की ते तिथेच फुटत राहतं. त्याची गोळी फार लांब जात नाही, पण शेजारच्या पेशीपर्यंत नक्की जाते. पेशी म्हणजे आपण ज्यांचे बनलो आहोत त्यातलं एक बारीक घर. त्या घरात एक धागा असतो आणि पुढची पेशी कशी घडवायची ते सगळं त्या धाग्यावर लिहिलेलं असतं. गोळी लागली की धागा तुटतो.

“तुटला की पेशी मरते?” मी विचारलं.

“मेली तर बरं. कधी कधी मरत नाही. धागा भलतीकडेच जोडते आणि जगते. मग तिच्यापासून पुढच्या सगळ्या पेशी तशाच चुकलेल्या निघतात.”

हे मला चटकन कळलं. बंद पडलेल्या घड्याळाचा धोका नसतो. माणूस ते माझ्याकडे घेऊन येतो. चुकीचं चालणारं घड्याळ वाईट. त्याच्यावर विश्वास ठेवून गार्ड हिरवा बावटा दाखवतो.

चौकवाली सगळं ऐकत होती. आपल्याला काय होईल, किती दिवसांत होईल, यातलं तिनं काही विचारलं नाही. तिनं झोळीकडे पाहिलं.

“गुरजी, चुना दुधात उतरतो. मंग ह्ये उतरतं?”

मास्तर तिच्या खांद्याकडे बघत राहिला. खोटं बोलून तिला बरं वाटेल असं काही त्याला सांगता आलं असतं. तो म्हणाला, “थोडं उतरत असणार. किती, ते मला माहीत नाही.”

ती उठली. काड्या गोळा करून मागच्या चुलीत घातल्या, अंगणात जाऊन चूळ भरली, मुलीला पाठीला बांधलं आणि गेली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून तिनं मुलीला पाजणं बंद केलं. मुलगी जेमतेम दहा महिन्यांची. वाडीत मूल दोन-दोन वर्षं अंगावर पितं. अंगात दूध असताना लेकीला तोडणारी आई म्हणून सासूनं तिला काय काय म्हटलं, ते माझ्या कानावर आलं. छातीत गाठी आल्या, ताप आला. तिनं शेजारणीची बकरी मागून आणली आणि मुलीला वाटीनं दूध पाजलं. वाडीत कुणाला समजावता येईल अशी ही गोष्ट नव्हती, आणि तिनं समजावलंही नाही. ‘माजा दूध कडू झाला’ एवढंच सांगे. आमच्या घरी सगळं असून बायको मुलाला वरचं दूध द्यायला घाबरायची. ही कुठल्या हिमतीवर उभी राहिली, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी रेडियमचं काम बंद केलं. मास्तरचा एक वर्गमित्र मुंबईत प्रयोगशाळेत होता. बाटली शिशाच्या पत्र्यात गुंडाळून मास्तर स्वतः त्याच्याकडे देऊन आला. कसाऱ्याचे रेल्वेवाले माझ्यावर चिडले. एक गार्ड म्हणाला, ‘म्हाताऱ्या, भिऊन धंदा सोडतोस?’ मी तेव्हा पस्तिशीचा होतो. त्याच्यावर जो ओरडलो तो पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

चौकवाली दुकानात कामाला परत आली नाही, पण बाजाराला आली की फळीशी थांबायची. चौक लिहिणं चालूच होतं. तांदळाच्या पिठात काडी बुडवायला कुणाची भीती? मी बोलता बोलता तिच्या जबड्याकडे बघायचो. मास्तरनं सांगितलं होतं की आधी जबडा दुखतो, दात हलतात, जखम भरत नाही. तिनं ते ओळखलं होतं.

“म्हशाच्या जत्रंत बैलाचं दात बगत्यात तसं काय बगता, दादा? घ्यायचा हाय काय मला?” आणि मुद्दाम तोंड उघडून दाखवायची. दात सगळे असायचे. मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचो.

अशी सहा वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, आईच्या बोटाला धरून बाजारात यायला लागली. आणि एके दिवशी चौकवालीनं फळीवर पदराची गाठ सोडली. आत दोन दात होते. एक तांदळाएवढा, मुलीचा पडलेला दुधाचा दात. दुसरी मोठी किडकी दाढ, तिला जबड्याच्या हाडाची एक कपची चिकटलेली.

“ही माजी. सरकारी दवाखान्यात काढली. तीन म्हैने झालं, भोक भरत नाय,” ती म्हणाली. “पोरीचा कौलावर टाकायचा हुता, पन नाय टाकला. गुरजीला सांगा, दोन्यात बगा लाह्या फुटत्यात काय.”

पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायचा, म्हणजे नवा दात चांगला येतो, ही आमच्याकडची रीत. तशी मुलगी दोन दिवस घरात रडत होती, सगळ्यांचे दात कौलावर आणि माझाच नाही म्हणून. तरी आईनं तो जपून ठेवला होता. कुणी शिकवलं होतं तिला? मास्तरला मी हे सांगितलं. तो म्हणाला, हे मला सुचायला हवं होतं. दुधाचे दात घडतात ते पोटात असताना आणि पुढच्या वर्षभरात. ती अंगावर पीत होती त्याच महिन्यांत. त्या दुधात काही असेल तर या दातात त्याची नोंद असणार.

मास्तर दोन्ही दात घेऊन मुंबईला गेला. महिनाभर काही कळलं नाही. तो महिना मी कुणाचं घड्याळ धड लावलं नाही. रात्री पाहिलं नाही असं एकही वाईट स्वप्न उरलं नव्हतं. माझी हौस, माझी बढाई, आणि त्याचं ओझं त्या तांदळाएवढ्या दातावर.

मास्तर आला तो शनिवारी दुपारच्या एस.टी.नं. चौकवाली आणि तिची मुलगी फळीपाशीच बसल्या होत्या. त्यानं खिशातून कागदाच्या दोन पुड्या काढल्या. प्रयोगशाळेत मोजणीचं यंत्र असतं, तो म्हणाला, बशी रिकामी असतानाही ते थोडं थोडं वाजतं. मुलीचा दात ठेवला तेव्हा ते रिकाम्या बशीएवढंच वाजलं. एका दातावरून शंभर टक्के सांगता येत नाही, पण त्यात सापडण्यासारखं काही नव्हतं.

“आनि माजा?”

“तुमच्यात आहे,” तो म्हणाला. या खेपेला तो तिच्या खांद्याकडे नाही, डोळ्यांकडे बघत होता. “हाडात आहे. ते काढता येत नाही. जबड्यावर लक्ष ठेवायला हवं, मी डॉक्टरांशी बोलतो.”

ती हसली. दाढ गेलेल्या बाजूनं तिचा गाल आत गेला होता.

“माज्यात हाय, तिच्यात नाय. मंग झाला की गुरजी, बकरी लागू पडली.”

मास्तरनं चष्मा काढला आणि पुसत बसला. मी भिंग डोळ्याला लावलं, समोर घड्याळ नव्हतं तरी. चौकवालीनं मुलीच्या दाताची पुडी तेवढी उचलली. रस्त्यावरचं शेण चिमूटभर घेऊन त्यात दात घातला, मुलीच्या हातात दिला आणि तिला माझ्या दुकानासमोर उभं केलं. “टाक गो. जोरात.” मुलीनं गोळी माझ्या कौलावर फेकली. दाढेची पुडी फळीवरच राहिली. ती म्हणाली, “ती गुरजी, तुमी शाळंत ठेवा. पोरांना दावा.”

तिच्या जबड्याचं भोक भरायला वर्ष लागलं, पण भरलं. त्यानंतरही ती किती तरी लग्नांत चौक लिहायला जात होती. काडी चावणं तिनं सोडलं नाही, आणि मी तिच्या दातांकडे बघणं सोडलं नाही.

माझेही दोन दात पुढे पडले. उस्तादाचा ब्रश मीही दीड वर्ष चाटलेला. मास्तर दोनदा म्हणाला, द्या, तपासून आणतो. मी आज देतो, उद्या देतो म्हणत राहिलो. ते दात अजून पेटीच्या खणात कागदात गुंडाळून आहेत. दर साली पावसाआधी कौलं चाळायला माणसं चढतात, तेव्हा मी खाली उभा राहून त्यांना दटावतो की जपून, वर पोरीचा दात आहे.